खांद्याची सुई नडगीत

माणसाचा हात वर जायचा बंद झाला, की घरात किती गोष्टी वर ठेवलेल्या असतात ते कळतं. साखरेचा मोठा डबा, गीझरचं बटण, दोरीवरचा टॉवेल, माळ्यावरची बॅग. एप्रिलअखेर एका सकाळी मी शर्ट घालायला गेलो आणि माझा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत येऊन थांबला. मी त्याला ओढून पाहिलं, डाव्या हातानं ढकलून पाहिलं, पण तो काही तिथून हलेना. माझी पत्नी अरुंधती हिला आधी हा कामचुकारपणाचा नवा प्रकार वाटला. दोन दिवस साखरेचा डबा तिनं मुद्दाम वरच ठेवला आणि मी दोन दिवस बिनसाखरेचा चहा प्यालो, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत असल्याबद्दल माझं अभिनंदन केलं आणि सांगितलं, की याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम करा, वर्ष-दीड वर्षात आपोआप सुटेल. एरवी माझी काही हरकत नव्हती. विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून गेल्या वर्षीच निवृत्त झालोय, वर्ष-दीड वर्ष कुठे जायचंय मला? पण चौदा जूनला माझ्या भाचीचं, मितालीचं लग्न होतं.

आमच्या घरात एक पद्धत आहे. मंगलाष्टकं चालू असताना वधूवरांच्या मध्ये जो अंतरपाट धरतात, त्याचं एक टोक गुरुजींच्या हातात आणि दुसरं मुलीच्या मामाच्या हातात. माझ्या बहिणीच्या, मनिषाच्या लग्नात आमच्या मामानं धरला होता. मितालीच्या लग्नात मी धरणार हे ती जन्मली त्या दिवशीच ठरलं. त्यातून मेहुणे नऊ वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून मितालीच्या प्रत्येक फॉर्मवर ‘पालक’ या रकान्यात माझी सही असते.

नवरा मुलगा इंद्रजीत. स्वभावानं शांत, नोकरीत कायम, निर्व्यसनी. दोष एकच, उंची सहा फूट दोन इंच. मी पाच फूट चार. मी खांद्याच्या उंचीला अंतरपाट धरला तर तो त्याच्या छातीच्या बटणाशी येतो. आणि मुहूर्त भरेपर्यंत वधूवरांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नसतं. ही दोघं गेली तीन वर्षं एकाच ऑफिसात समोरासमोर बसतात हे खरं, पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

डाव्या हातानं धरतो, असं मी गुरुजींना फोनवर सांगून पाहिलं. मंगलकार्य आणि डावा हात हे त्यांना एका वाक्यातसुद्धा चालेना. मग मनिषानं अगदी हळू आवाजात सुचवलं, की गुरुजींचा पुतण्या आहे, तो धरेल, तू नुसता शेजारी उभा राहा. मी काही बोलायच्या आत मितालीनं तिच्या हातातून फोन घेतला.

“मामा, तूच धरायचास. बाबा नाहीत. तूही नाही म्हणू नकोस.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

झालं, त्या दिवसापासून माझा खांदा सार्वजनिक झाला. आमच्या वरच्या मजल्यावर कमलाकर राहतात, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचा एक गुडघा दहा वर्षं दुखतोय, त्यामुळे समस्त सांध्यांविषयी बोलायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. त्यांनी निर्गुडीचा पाला आणि तापवलेली वीट सांगितली. पाल्यासाठी अर्धं नवीन पनवेल पालथं घातलं, तो मिळाला नाही. वीट मिळाली. ती अरुंधतीनं जरा जास्तच मनापासून तापवली आणि आधी नुसता दुखणारा खांदा आता भाजलाही. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण “हात वर करून दाखवा बघू” म्हणायचा. मी दाखवायचो. तिसऱ्या मजल्यापर्यंत येऊन हात आणि लिफ्ट दोन्ही थांबायचे.

शेवटी महादेव भेटला. आमच्या समोरची इमारत त्याची. ही सेक्टरं उभी राहायच्या आधी इथे त्याच्या वडिलांची भातशेती होती, आणि तो अजूनही सकाळी गच्चीवर उभा राहून बांध पाहिल्यासारखा रस्ता पाहतो. त्यानं माझ्या हाताकडे एकदा पाहिलं आणि निकाल दिला.

“सायेब, माजी कंबर अशी धरलेली का चप्पल पन घालता येत नव्हती. आमच्या बिल्डिंगमंदी डाक्तरीन हाय, सुया टोचते. टोचल्याली कलत पन नाय. मी तं घोरलो तिथं.”

आता, मला सुईची भीती वाटत नाही. मला ती आवडत नाही, एवढंच. शाळेत लस टोचायला माणसं आली, त्या दिवशी मी दुपारभर पेरूच्या झाडावर होतो, पण ते पेरूंसाठी. तरीही मितालीचा आवाज कानात होता, म्हणून मी ॲक्युपंक्चरला तयार झालो.

डॉक्टर प्रांजल म्हणजे तिशीतली, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी. तिनं आदल्या दिवशीच चार पानी फॉर्म घरी पाठवला. चौतीस वर्षं मी लोकांच्या फॉर्ममधल्या चुका काढल्या, पण असा फॉर्म पाहिला नव्हता. गरम पाणी आवडतं की गार? पहाटे नेमकी किती वाजता जाग येते? तोंडाला चव कडू असते की गोड? स्वप्नं पडतात का? खांद्याविषयी एकच प्रश्न, तोही तिसऱ्या पानावर. मी प्रामाणिकपणे जादा कागद जोडून उत्तरं लिहिली. ‘राग येतो का?’ याच्यापुढे ‘नाही’ लिहिलं. अरुंधतीनं माझ्या हातातून पेन घेऊन ते खोडलं, ‘हो’ लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी वाटेत अरुंधती भाजी घ्यायला थांबली आणि मी एकटाच पुढे गेलो. कोपऱ्यावर एक कातकरी बाई पळसाच्या पानांत जांभळं घेऊन बसली होती. मनावरचं दडपण कमी करायला मी थोडी खाल्ली. नंतर दडपण बरंच आहे असं लक्षात आल्यामुळे आणखी खाल्ली.

डॉक्टरणीनं आधी नाडी पाहिली. एका मनगटावर तीन बोटं, मग दुसऱ्या मनगटावर तीन बोटं, डोळे मिटून. इतका वेळ माझा हात कुणी धरला नव्हता. मग ती म्हणाली, जीभ दाखवा. चिनी वैद्यकात म्हणे जिभेवर सगळा जमाखर्च लिहिलेला असतो. मी जीभ काढली. तिचं हसू मावळलं. तिनं दिवा जवळ ओढला. छातीत दुखतं का, धाप लागते का, असं विचारत भराभर लिहीत गेली. जिभेचा रंग पाहता शरीरात रक्त साकळलेलं दिसतंय, म्हणाली, आज सुया नकोत, आधी हृदयाची तपासणी करून या. मी उठलो. जिना उतरता उतरता माझ्या सगळ्या पॉलिसींवरचे वारस मनातल्या मनात तपासून झाले होते.

घरी येऊन मी अरुंधतीला समोर बसवलं, एफडीच्या पावत्या कुठे आहेत ते सांगितलं आणि जड मनानं जीभ दाखवली. तिनं जिभेकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाच्या खिशावरच्या जांभळ्या डागाकडे.

“अहो, जांभळं किती खाल्लीत?”

तिनं लगेच दवाखान्यात फोन लावला, तोही स्पीकरवर. पुढची दोन मिनिटं दोन्ही बाजूंनी नुसतं हसू ऐकू येत होतं. चौतीस वर्षं लोकांचे क्लेम तपासून कमावलेली माझी प्रतिष्ठा त्या फोनमधून वाहून गेली. पुन्हा असं नको, म्हणून पुढच्या खेपेला मी तांब्याच्या जिभलीनं जीभ इतकी खरवडली, की ती लालबुंद झाली. आता डॉक्टरणीला जिभेवर भयंकर उष्णता दिसली. शेवटी तिनं हात जोडले. म्हणाली, काका, काही रंगीत खाऊ नका, काही खरवडू नका, जीभ जशी आहे तशी घेऊन या. उपाशी येऊ नका आणि तुडुंब जेवूनही येऊ नका. कपडे सैल घाला.

मी सैल लेंगा घालून गेलो. तिनं मला उताणं झोपवलं, लेंगा गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितलं आणि नडगीशेजारी कापूस फिरवायला लागली. मी क्लेम खात्याचा माणूस. नम्रपणे निदर्शनास आणून दिलं, की मॅडम, तक्रार उजव्या खांद्याची आहे, हा डावा पाय आहे. ती म्हणाली, माहीत आहे. खांद्याचा एक बिंदू पायात असतो. मी हा अर्ज नामंजूर करण्याच्या विचारात असतानाच सुई आत गेली होती. खरं सांगतो, केसाएवढी सुई. टोचल्याचं कळलं नाही. तिनं ती जराशी फिरवली तेव्हा आत काहीतरी जड झालं आणि मुंग्या पावलापर्यंत गेल्या. म्हणाली, छान, आता हात वर करा. मी केला. हात खांद्याची रेषा ओलांडून चार बोटं वर गेला. मी हाताकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि यांची ओळख कोणी करून दिली, याचा विचार करत राहिलो.

मग खांद्यात, हातात, कानाजवळ अशा आणखी दहा-बारा सुया. वीस मिनिटं हलायचं नाही. माणसाला हलायचं नाही म्हटलं की नाकाचा शेंडा खाजायला लागतो, आणि माझं नाक तर आधीपासूनच सोशिक नाही. मी ओठ पुढे काढून फुंकर घालत होतो. पडद्यापलीकडच्या बाईंनी डॉक्टरांना विचारलं, की शेजारी कोणी प्राणायाम करतंय का. पुढचं मला आठवत नाही. महादेवसारखा मीही घोरलो, असा माझ्यावर आरोप आहे. मी तो मान्य केलेला नाही.

आठवड्यातून दोनदा सुया आणि रोज भिंतीवरचा व्यायाम. अरुंधती स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलनं माझ्या बोटांची रेघ मारायची. रेघा वर सरकत होत्या, पण कूर्मगतीनं, आणि जून तोंडावर आला. मग डॉक्टरणीनं शेक द्यायचं ठरवलं. दवण्याच्या जातीची कुठलीशी पानं वाळवून, कागदात वळून, अंगठ्याएवढ्या जाड कांड्या केलेल्या असतात. एक टोक पेटवायचं, निखारा खांद्यापासून दोन बोटं लांब धरायचा आणि दहा मिनिटं शेकायचं. धूर होतो, म्हणाली, घरी शेकताना खिडकी उघडी ठेवा. वास जरा वेगळा असतो.

वास जरा वेगळा म्हणजे काय, ते तिसऱ्या दिवशी कळलं. आम्ही बाल्कनीत शेकत होतो आणि धूर सरळ वर कमलाकरांच्या दिवाणखान्यात चालला होता. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला, की आपल्या इमारतीत गांजा ओढला जात असल्याचा दाट संशय आहे, पालकांनी आपापली मुलं तपासावीत. माझा फोन आत चार्जिंगला होता. दहा मिनिटांत बेल वाजली. अरुंधती हातातलं काम न टाकता दार उघडायला गेली. दारात कमलाकर, खजिनदार आणि वॉचमन. समोर अरुंधती, आमच्या भजनी मंडळाची अध्यक्षा, हातात धूर ओकणारी जाडजूड कांडी. मागे मी, उघडाबंब, डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

कमलाकरांनी आधी कांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी वहिनींना खाली बसायला सांगितलं. खुलासा ऐकून घेतला, पण तोंडी खुलासा उपविधींत बसेना. लेखी द्या, दोन प्रतींत, डॉक्टरांच्या शिक्क्यासह, पदार्थाचं शास्त्रीय नाव घालून. मी दिला. तो परत आला, कारण फ्लॅटचा नंबर लिहायचा राहिला होता. नेमक्या याच कारणासाठी मी आयुष्यात शेकडो अर्ज परत पाठवले होते. ती सगळी माणसं त्या संध्याकाळी मला आठवली आणि त्यांची मी मनोमन माफी मागितली. तिसऱ्या दिवशी खुलासा मंजूर झाल्याचं सांगायला कमलाकर स्वतः आले. उठताना घुटमळले. म्हणाले, कांडी शिल्लक असेल तर या गुडघ्यालाही जरा दाखवता येईल का? तेव्हापासून रोज साडेसहाला आमच्या बाल्कनीत दोन खुर्च्या लागायला लागल्या.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा डॉक्टरणीनं पाठीवर पेले लावले. काचेच्या पेल्यात जाळ फिरवून तो पाठीवर पालथा घालायचा, की कातडी आत ओढली जाते आणि आखडलेले स्नायू मोकळे होतात. सुखद असतं ते. पाठीवर आठ गोल, काळेजांभळे डाग उमटले. किती दिवस राहतील विचारलं तर म्हणाली, आठवडाभर, पण शर्टाखाली कोणाला दिसतंय? हात आता डोक्याच्या वर जात होता. सुयांनी गेला, व्यायामानं गेला की भाचीच्या लग्नाच्या काळजीनं, ते मी छातीठोक सांगू शकत नाही, असं ती डॉक्टर असूनही म्हणाली, म्हणून मला ती जास्तच आवडली. मात्र तिनं एक बजावलं. हात वर धरून पाच मिनिटं. त्याच्यावर नाही.

मी गुरुजींना गाठून पाच मिनिटांत बसतील एवढीच मंगलाष्टकं ठरवून घेतली.

शर्टाखाली कोणाला दिसतंय हे खरं. पण मेहुणे नसल्यामुळे लग्नाच्या दिवशी सकाळी पुण्याहवाचनाला मितालीच्या वतीनं मी आणि अरुंधती बसणार होतो, आणि पूजेला शर्ट घालत नाहीत. सोवळं नेसून, उपरणं घट्ट लपेटून मी बसलो. तिसऱ्या आचमनाला उपरणं घसरलं. नेमकी मुलाकडची मंडळी मागे नाश्त्याला बसली होती. हॉलमधल्या चमच्यांचा आवाज थांबला. इंद्रजीतच्या काकू त्याच्या वडिलांच्या कानाशी लागल्या, आणि संसर्गजन्य हा शब्द मला मंत्रांतूनही स्पष्ट ऐकू आला. मनिषाचा चेहरा पांढरा पडला. मी पळी हातात घेऊन बसलेलो, ना उठता येतंय ना बोलता. अशा वेळी मागून महादेवचा आवाज आला. त्यानं आपला नवाकोरा सदरा मानेपर्यंत वर केला होता.

“घाबरू नका, लागन नाय ती. मना पन हायेत, मोजून घ्या.”

त्याच्या पाठीवर बारा होते. मुलाकडच्यांनी खरंच मोजले. पूजा संपेपर्यंत इंद्रजीतच्या वडिलांनी आपली मान आणि काकूंनी आपली टाच माझ्याशी चर्चेला काढली होती, आणि दवाखान्याचा पत्ता चार जणांनी लिहून घेतला.

मुहूर्त बारा वाजून एकवीस मिनिटांचा. मितालीला बोहल्यावर आणलं, अंतरपाटाचं टोक उजव्या हातात घेतलं आणि हात वर केला. गेला. इंद्रजीतच्या फेट्याच्याही वर गेला. मनिषा माझ्याकडे पाहून हसली, आणि महिनाभराच्या सगळ्या सुया वसूल झाल्या. गुरुजींनी ठरल्याप्रमाणे चौथं अष्टक संपवून घड्याळाकडे पाहिलं. मुहूर्ताला सहा मिनिटं होती. तेवढ्यात माइक रंजिताआत्यांकडे गेला.

रंजिताआत्या म्हणजे मेहुण्यांची मोठी बहीण. त्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती, सात कडव्यांची, दोन्ही घरच्या सर्व माणसांची नावं गुंफलेली. मी गुरुजींना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. पहिलं कडवं कुलदैवतांचं. दुसरं आजीआजोबांचं. माझ्या खांद्यात कळ यायला लागली होती आणि आता कोणीतरी आत्यांना आटपा म्हणावं असं वाटत असतानाच तिसऱ्या कडव्यात मेहुण्यांचं नाव आलं. लेकीला सासरी पाठवताना ते कुठल्या तरी ताऱ्यावरून पाहताहेत, असं काहीसं होतं. वृत्त पार कोलमडलं होतं, पण आत्यांचा आवाज भरून आला. मनिषानं पदर डोळ्यांना लावला. मितालीची मान खाली गेली. आता त्यांना थांबवायची सोय राहिली नाही, आणि खरं म्हणजे माझी इच्छाही राहिली नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला डावा हात मोकळा होता एवढं बरं.

पण खांद्याला भावना नसतात. चौथ्या कडव्याला हात चार बोटं खाली आला. मी दात घट्ट आवळले. तो आणखी चार बोटं आला. गुरुजींनी समजूतदारपणे आपलंही टोक खाली घेतलं, म्हणजे अंतरपाट तिरका तरी दिसू नये. आता पलीकडून इंद्रजीतचा फेटा, मग कपाळ, मग डोळे वर येणार, सगळा हॉल पाहणार, आणि मितालीनं एक गोष्ट मागितली होती ती मामाला जमली नाही असं कायमचं होणार. मी मान वळवून पलीकडे पाहिलं.

फेटा वर आला नव्हता. अंतरपाट जसा खाली येत होता, तसा इंद्रजीतही खाली चालला होता. पाठ ताठ, नजर समोर, हातात हार, आणि गुडघे वाकत वाकत. पाचव्या कडव्याला माझा हात कानाशी आला, तेव्हा इंद्रजीत माझ्या उंचीचा झाला. सातव्याला हात खांद्याच्या रेषेशी येऊन टेकला आणि हा सहा फूट दोन इंचांचा मुलगा कपड्यामागे खुर्चीशिवाय बसला होता. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला तो मुलगा त्या घटकेला इतका आवडला, की मेहुणे खरंच कुठे असतील तर त्यांना हाक मारून दाखवावा असं वाटलं.

गुरुजींनी शेवटचं सावधान म्हटलं, अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या. मितालीला टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. तिनं सरळ हात करून हार घातला. नवऱ्याला उचलून धरायला पुढे आलेले त्याचे मित्र तसेच उभे राहिले. त्यानंही तिला हार घातला, तिथूनच, आणि तो तिथेच राहिला. फोटोग्राफर सरळ उभं राहा म्हणून हातवारे करत होता. इंद्रजीत माझ्याकडे किंचित झुकला.

“मामा, गुडघे धरलेत. जरा हात द्या.”

मी उजवा हात पुढे केला. तो आता खांद्याच्या वर जात नव्हता. त्याला उभं करायला तेवढा पुरला.